सुझॅन वेगा यांचा 'सॉलिट्यूड स्टँडिंग': दुसऱ्या अल्बममधली जुनी गाणी

मांडवीकाठ, पणजी (धागाकर्ता)

सुझॅन वेगा यांचा 'सॉलिट्यूड स्टँडिंग' हा दुसरा स्टुडिओ अल्बम १९८७ मध्ये आला आणि त्यातल्या 'लुका' या गाण्याने, न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या लहान मंचांवर गिटार घेऊन गाणाऱ्या या गायिकेला एकदम जगभर नेले. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 'लुका' तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. अल्बम तिथे अकराव्या आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. ग्रॅमी पुरस्कारांत 'लुका'ला वर्षातील ध्वनिमुद्रण आणि वर्षातील गीत अशी दोन्ही मोठी नामांकने मिळाली. हा तपशील कुठेही सापडतो. धागा काढण्याचे कारण वेगळे आहे.

दुसऱ्या अल्बमविषयी एक ठरलेले बोलणे आपण नेहमी ऐकतो. पहिल्या अल्बममध्ये कलावंत जन्मभर साठवलेली शिदोरी सोडतो, ती संपते, आणि दुसऱ्याच्या वेळी वर्ष-दीड वर्षात नवे काही रांधून वाढावे लागते. म्हणून दुसरा अल्बम पहिल्यापेक्षा उणा ठरतो. 'सॉलिट्यूड स्टँडिंग'ला हे सूत्र लागू पडत नाही, कारण त्यातली जी गाणी आजही लोकांच्या ओठांवर आहेत ती १९८५ च्या पहिल्या अल्बमच्याही आधीची आहेत. 'जिप्सी' आणि 'कॅलिप्सो' ही दोन्ही १९७८ ची, म्हणजे वेगा अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या तेव्हाची. 'टॉम्स डायनर' हे 'फास्ट फोक' या न्यूयॉर्कच्या गीतकारमंडळींच्या ध्वनिमुद्रित नियतकालिकात जानेवारी १९८४ मध्ये येऊन गेले होते. 'लुका'ही १९८४ चेच. पहिला अल्बम करताना ही सगळी हाताशी असूनही बाजूला ठेवली गेली आणि दुसऱ्या वेळी वर काढली गेली.

या जुन्या गाण्यांचे शब्द आणि संगीत दोन्ही एकट्या वेगा यांचे आहे. उलट नव्या गाण्यांपैकी अनेकांच्या संगीताला त्यांच्या साथीदारांची, म्हणजे कीबोर्डवादक अँटन सँको, गिटारवादक मार्क शुलमन, बासवादक माइक व्हिसेग्लिया यांची नावे जोडलेली आहेत आणि शीर्षकगीतावर तर सगळ्या वाद्यवृंदाचे नाव आहे. निर्माते मात्र दोन्ही अल्बमना स्टीव्ह अडाबो आणि लेनी के हेच. माणसे फारशी बदलली नाहीत, गाणे घडण्याची रीत बदलली. त्यामुळे अल्बम नीट ऐकला तर एकटीने घडवलेली गाणी कुठे संपतात आणि चारचौघांनी मिळून घडवलेली कुठे सुरू होतात, ती शिवण स्पष्ट जाणवते. माझ्या मते हा दोष नव्हे. याच शिवणीमुळे हा अल्बम पहिल्यापेक्षा मोठा झाला, कारण जुन्या गाण्यांतली दुरून पाहणारी, कमी बोलणारी व्यक्ती नव्या गाण्यांत ढोल-गिटारच्या गर्दीत उभी केली तरी आपली जागा सोडत नाही.

या मंचावर वाद्यांची जाण असलेली मंडळी आहेत. वाद्यवृंदाने या गाण्यांचे भले केले की बुरे, यावर आपली मते वाचायला आवडतील.

घुमटवाला, फोंडा

धागा आवडला, वाचनखूण साठवली आहे. पण शेवटच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. वाद्यवृंदाने एका गाण्याचे निश्चित भले केले, ते 'लुका'. बाकी बऱ्याच ठिकाणी त्याने गाण्यांवर १९८७ चा शिक्का उमटवून ठेवला आहे.

आधी 'लुका'विषयी. मार खाणाऱ्या मुलाचे गाणे म्हटल्यावर कोणताही संगीतकार विलंबित लयीकडे आणि उदास स्वरांकडे वळेल. इथे मेजर स्वरमेळ आहे, गिटारच्या तारा उजळ वाजतात, ताल मध्यम गतीने न डगमगता चालतो, आणि शब्द न समजणारा श्रोता हे गाणे प्रसन्न मनाने गुणगुणत राहतो. आपल्याकडे मांडो हे संथ कोकणी गीत संपता संपता दुलपदे ही द्रुत गाणी सुरू होतात तेव्हा हेच घडते. मांडोची संथ आर्तता सरते, लय द्रुत होते, पाय हलू लागतात, आणि त्या नाचऱ्या चालीवर गावातली रोजची सुखदुःखे, कधी कोणाचा अपमान, कधी कोणाची फसवणूक सांगितली जाते. दुःख सांगायला चालही दुःखीच हवी, असा नियम लोकसंगीताने कधी मानलेला नाही. वेगा यांना हे लोकगीतांच्या परंपरेतूनच मिळाले असावे आणि वाद्यवृंदाने ते ओळखून साथ केली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

आता तक्रार. 'इन द आय' आणि शीर्षकगीत यांतला ढोल ऐकावा. प्रत्येक आघात तेवढ्याच वजनाचा आणि प्रत्येकामागे तोच कृत्रिम घुमारा येतो. घुमट वाजवणाऱ्याला हे फार खटकते. घुमट या आपल्या मातीच्या वाद्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले असते आणि दुसरे लहान तोंड उघडे असते. उजव्या हाताने थाप पडत असताना डाव्या तळव्याने ते उघडे तोंड झाकत-उघडत राहिले की प्रत्येक थापेचा नाद थोडा वेगळा होतो आणि त्या फरकातच गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. वेगा यांचा गळा बारीक, सपाट आणि जवळजवळ बोलण्याच्या पट्टीतला आहे. त्याला अशी जागा हवी होती, ती त्या काळच्या स्टुडिओच्या फॅशनने दिली नाही. कीबोर्डच्या धुक्याविषयी तर मी लिहीतच नाही.

अबोली, मडगाव

घुमटबाब, ढोलाविषयीचे आपले म्हणणे पटले, परंतु 'लुका'ची खरी करामत चालीपेक्षाही बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण यात आहे, असे मला वाटते.

हे गाणे मुलगा स्वतः बोलतो. तो आपले नाव सांगतो, दुसऱ्या मजल्यावर राहतो म्हणतो, आणि ज्याच्याशी बोलतो तो खालच्या मजल्यावरचा शेजारी आहे हेही सांगतो. म्हणजे गाणे सुरू होताच श्रोत्याला खालच्या घरात बसवले जाते. रात्री वरून आवाज आले असतील तर काय झाले ते विचारू नका, अशी विनंती तो करतो. जखमेचे कारण विचारलेच तर दारावर आपटलो म्हणतो, आणि आपण वेंधळे आहोत असे सांगून दोष स्वतःकडे घेतो. मारणारा कोण, हे गाण्यात कुठेही येत नाही. नात्याचा उल्लेख नाही, नाव तर नाहीच. माझी अनेक वर्षे शाळेत गेली आहेत आणि मुले ज्या पद्धतीने घरची गोष्ट झाकतात ती पद्धत या गाण्यात अचूक उतरली आहे. मूल रडून सांगत नाही, ते विषय बदलते आणि आपलीच चूक असल्यासारखे बोलते. हे गाणे मोठ्या माणसाच्या तोंडी, तिसऱ्या पुरुषात लिहिले असते तर त्याचे प्रवचन झाले असते.

'टॉम्स डायनर'मध्ये वेगा पाहणाऱ्या आहेत. 'लुका'मध्ये पाहणारे, किंबहुना ऐकून न ऐकल्यासारखे करणारे आपण आहोत. धागाकर्त्यांनी दुरून पाहण्याविषयी लिहिले आहे त्यात ही भर घालावी, की 'लुका'मध्ये ते अंतर श्रोत्याच्या माथी मारलेले आहे. आपल्याकडच्या वाड्यांत भिंतीला भिंत लागून घरे असतात, आणि आता तर मडगावात सगळीकडे इमारतीच झाल्या आहेत. वरच्या मजल्याचा आवाज ऐकू येत नाही असे म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटायचा आहे.

खारेवारे, वास्को

माझा या चर्चेत शिरकाव 'आयर्नबाऊंड' या गाण्यापुरता आहे. त्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे नवल वाटते, कारण गोव्यातल्या माणसाने या अल्बममधले पहिले ऐकावे ते गाणे तेच.

मी नोकरीची बहुतेक वर्षे बोटीवर काढली. न्यूयॉर्कला जाणारी मालवाहू जहाजे बरेचदा पलीकडच्या न्यू जर्सीत, नेवार्क बंदरात लागतात. त्या शहरात आयर्नबाऊंड नावाचा भाग आहे. रेल्वेच्या रुळांनी तो चहूबाजूंनी वेढलेला आहे आणि तिथे पोर्तुगालहून कामासाठी आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. फेरी स्ट्रीट या मुख्य रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या पोर्तुगीज, पावाच्या भट्ट्या पोर्तुगीज आणि भांडणेही पोर्तुगीजच. मी पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकलेला, त्यामुळे कानाला सगळे समजत होते.

या गाण्यात तिथली एक पोर्तुगीज बाई सकाळी मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडते, त्याला हलकेच हात लावून निरोप देते, रस्ता ओलांडते आणि कोंबड्यांच्या बाजारात शिरते. पायाशी रक्त आणि पिसे पडलेली आहेत. वर तारा, पूल आणि लोखंडी तुळया उन्हाचे त्रिकोणी तुकडे करत आहेत. कुंपणाच्या फटींतून गवत वर येते तशी पोरे वाढतात, असे ती म्हणते. गाण्याला 'फॅन्सी पोल्ट्री' हे शेपूट जोडलेले आहे. त्यात कोंबडीचे कोणते अवयव विकायला आहेत याची यादी म्हटली जाते आणि त्या यादीत पंख जवळजवळ फुकट आहेत. बाईच्या संसाराविषयी एवढ्या गाण्यात दुसरे काही सांगितलेले नाही आणि सांगायची गरजही उरलेली नाही.

आमच्या पिढीने १९६१ पूर्वी जो पोर्तुगीज पाहिला तो पाकलो होता, बंदूकधारी शिपाई किंवा कचेरीतला साहेब. त्याच्या घरची बाई बाजारात कोंबडीचा भाव करताना आम्ही पाहिली नाही; तिच्यासाठी बाजार करायला आमच्यातलेच कोणी जात असे. म्हणून नेवार्कच्या त्या रस्त्यावर हातात पिशवी घेऊन भाव करणाऱ्या पोर्तुगीज बायका पाहिल्या तेव्हा मला काहीतरी उलटेपालटे झाल्यासारखे वाटले. ते वाटणे या गाण्यात आहे, जरी वेगा यांना गोव्याचा विचार मुळीच करायचा नव्हता. साडेचारशे वर्षे राज्य केलेल्या देशाची माणसे परदेशात कष्टकरी म्हणून कशी दिसतात, हे पाहायला दुसऱ्या कोणाची नजर लागते.

ढोल मोठा आहे की लहान, हे मला कळत नाही. मात्र हे गाणे नव्यांपैकी आहे आणि त्याच्या संगीतावर अँटन सँको यांचेही नाव आहे. तेव्हा वाद्यवृंदाने सगळे बिघडवले हे घुमटबाबांचे मत तपासून पाहावे लागेल.

सातेरी, डिचोली

खारेवारे यांचा प्रतिसाद वाचून 'आयर्नबाऊंड' पुन्हा ऐकले. धन्यवाद.

'टॉम्स डायनर'बद्दल थोडे. अल्बमची सुरुवात या गाण्याने होते आणि त्यात गळ्याशिवाय काहीही नाही. वाद्य नाही, टाळी नाही, चुटकीही नाही. असे असूनही ताल एका क्षणालाही सुटत नाही, कारण तो शब्दांच्या वजनात आहे. पौष महिन्यात आमच्याकडे मांडावर धालो होतात, बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून पुढे-मागे होत गातात, तेव्हाही वाद्य नसते; पायांची सरक आणि ओळीची लांबी हाच ताल. आणि ओळीचा शेवट झाला तरी गाणे संपत नाही, समोरची रांग ते उचलते. 'टॉम्स डायनर'मध्ये समोरची रांग नाही. उपाहारगृहाच्या कोपऱ्यात बसलेली व्यक्ती कॉफी, वर्तमानपत्र, छत्री झटकणारी बाई, काचेत स्वतःला न्याहाळणारी दुसरी बाई असे एकेक पाहत जाते आणि कोणाशीही बोलत नाही. चाल मोजक्या स्वरांतच फिरते, तिला कुठे उंच जायचे नाही.

म्हणूनच डीएनए या दोघा ब्रिटिश तरुणांना त्याखाली दुसऱ्याच एका गाण्याचा नाचाचा ताल सरकवता आला. त्यांनी ते आधी परवानगीविना केले होते. कंपनीने खटला भरण्याऐवजी तेच ध्वनिमुद्रण १९९० मध्ये अधिकृतपणे प्रकाशित केले आणि ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या, अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर गेले. वेगा यांनी पुढे या गाण्याची लोकांनी केलेली निरनिराळी रूपे गोळा करून 'टॉम्स अल्बम' या नावाने १९९१ मध्ये काढली. लोकगीताचे नशीब एखाद्या गाण्याला रचणाऱ्याच्या हयातीतच लाभावे, हे विरळाच.

चारट्रॅक, म्हापसा

सर्वांचे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. माझा या विषयाशी संबंध थोडा स्वार्थाचा आहे. मी स्वतः मराठीत आणि कोकणीत गाणी लिहितो, चाली देतो, घरीच ध्वनिमुद्रण करतो, आणि सध्या दुसऱ्या अल्बमच्या कामात आहे. त्यामुळे धागाकर्त्यांनी मांडलेला मुद्दा, की दुसऱ्या अल्बमचा कणा पहिल्याच्या आधीच्या गाण्यांचा असू शकतो, मला दिलासा देणारा वाटला. माझ्याकडेही वहीत जुनी गाणी आहेत. ती घ्यावीत की 'आता नवे द्या' ही मित्रांची मागणी मानावी, हे मला ठरवता आलेले नाही.

गोव्यात याचे उदाहरण शोधताना रेमो फर्नांडिस आठवतात. त्यांनी 'गोअन क्रेझी' हा अल्बम शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर स्वतःच गाऊन, स्वतःच वाद्ये वाजवून केला, तो १९८४ मध्ये आला. त्यानंतरच्या 'ओल्ड गोअन गोल्ड'मध्ये त्यांनी गोव्याची जुनी पारंपरिक गाणी हाती घेतली. म्हणजे आपले सगळे नवे सांगून झाल्यावर लगेच आणखी नवे सांगण्याच्या मागे न लागता ते मागे वळले. वेगा स्वतःच्याच मागच्या वहीकडे वळल्या, रेमो समाजाच्या वहीकडे वळले. दोघांनीही काळाची सक्ती झुगारली असे मला दिसते.

तंत्राच्या अंगाने एक गोष्ट नोंदवतो, कारण ती वरच्या वादाला लागू होते. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी ध्वनी कमी जागेत साठवण्याची जी पद्धत घडवत होते, तिचीच पुढे एमपी३ झाली. त्यांनी 'टॉम्स डायनर' चाचणीसाठी घेतले तेव्हा वेगा यांचा एकटा आवाज त्या पद्धतीत फार वाईट ऐकू आला. वाद्यांच्या गर्दीत जे दोष लपून जात होते, ते उघड्या गळ्यात लपेनात. मग हे गाणे पुन्हापुन्हा लावून पद्धत सुधारली गेली. घुमटबाबांना जो ढोल सलतो त्याविषयी हेच म्हणता येईल, की साथीची वाद्ये गाणाऱ्याला आधार देतात आणि त्याच वेळी त्याच्या आवाजातले बारकावेही झाकतात. उघड्या गळ्याचे गाणे अल्बमच्या आरंभी ठेवणे म्हणजे आधी न झाकता ऐकवणे, आणि मगच वाद्ये आणणे. क्रम उलटा असता तर अल्बमचा परिणाम वेगळा झाला असता.

मांडवीकाठ, पणजी

चर्चा अपेक्षेपेक्षा चांगली रंगली आहे. सर्वांना एकत्र उत्तर देतो.

खारेवारे, आपल्या प्रतिसादाने धाग्याचे मोल वाढवले. 'आयर्नबाऊंड'मधली बाई आणि 'टॉम्स डायनर'मधली पाहणारी व्यक्ती एकाच जातीची आहेत. दोघीही सकाळच्या वेळी रस्त्यावर आहेत आणि दोघींच्या मनातले आपल्याला वस्तूंवरूनच समजते. रीत बदलली तरी नजर बदलली नाही, हे माझे म्हणणे नेमके इथे दिसते.

अबोलीताई, 'लुका'च्या श्रोत्याविषयी आपण लिहिलेले मी अन्यत्र वाचले नव्हते. आपल्या परंपरेत कवी एक, संगीतकार दुसरा, गायक तिसरा अशी भावगीताची वाटणी पक्की असल्यामुळे गाण्यातला 'मी' कोण, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. गायकाचा तो नव्हेच हे आपण धरून चालतो. गीतकार आणि गायक एकच असला की श्रोता लगेच त्या 'मी'ला गायकाच्या चरित्रात शोधू लागतो. वेगा यांनी या अल्बममध्ये तो शोध अवघड करून ठेवला आहे. एका गाण्यात त्या मुलगा आहेत, एकात होमरच्या महाकाव्यातली कॅलिप्सो, आणि 'वुडन हॉर्स'मध्ये तर १८२८ मध्ये न्युरेंबर्गच्या रस्त्यावर अचानक उगवलेला, अंधाऱ्या कोठडीत वाढल्याचे सांगणारा कास्पार हाउझर. तो १८३३ मध्ये भोसकल्याच्या जखमेने मेला आणि तो कोण होता याचा उलगडा झालाच नाही. लाकडी घोडा हे त्याच्या कोठडीतले खेळणे. दारावर आपटलो म्हणणारा लुका आणि बोलायलाही नीट न शिकवलेला हा मुलगा, यांना एकाच अल्बमच्या दोन टोकांना ठेवणे हा योगायोग असेल असे मला वाटत नाही.

घुमटबाब, आपल्या तक्रारीवर उतारा स्वतः वेगा यांनीच काढून ठेवला आहे. २०१० ते २०१२ या काळात त्यांनी आपली जुनी गाणी पुन्हा नव्याने, मोजक्या वाद्यांसह ध्वनिमुद्रित करून 'क्लोज-अप' नावाचे चार भाग काढले. कारण कलेइतकेच व्यवहाराचेही होते. गीतांचे हक्क त्यांच्याकडे होते, पण मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी कंपनीकडे होती. स्वतःच्या मालकीची ध्वनिमुद्रणे हवीत म्हणून त्या पुन्हा गायल्या. 'लुका' आणि 'टॉम्स डायनर' दुसऱ्या भागात आहेत, शीर्षकगीत तिसऱ्यात. आपण ती ऐकावीत आणि मग मूळ अल्बमविषयीचे मत कायम राहते का ते सांगावे.

घुमटवाला, फोंडा

'क्लोज-अप'चे दोन्ही भाग ऐकले. मत अंशतः कायम आहे.

शीर्षकगीत ढोलाविना फार सुधारले. एकांत ही खिडकीशी, मग दाराशी उभी राहिलेली बाई आहे, तिच्या पुढे केलेल्या तळव्यावर फूल आणि ज्वाला आहे, आणि गाणारी तिला ओळखते. हे चित्र शांतपणे ऐकवले की अंगावर येते. मूळ अल्बममध्ये मात्र ते चित्र मागे पडते आणि गिटारची चढती ओळ पुढे येते. उलट 'लुका' मोजक्या वाद्यांत ऐकताना मला मूळ ध्वनिमुद्रणाची आठवण येत राहिली. पन्नाशीच्या आवाजात ते गाणे शहाणे झाले आहे, आणि लुकाला शहाणपण शोभत नाही. शॉन कोल्विन यांचा मागचा सूर आणि त्या उजळ गिटारी हव्याच होत्या. तेव्हा माझे म्हणणे असे दुरुस्त करून घ्यावे: जे गाणे एकटीने पूर्ण केलेले होते त्याला वाद्यवृंद मानवला, आणि जे वाद्यवृंदासोबत घडले त्याला तो जड झाला; फक्त 'आयर्नबाऊंड'चा अपवाद मी खारेवारेंच्या खातर मान्य करतो.

अबोली, मडगाव

'कॅलिप्सो'वर कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने ओडिसियसची बाजू न घेता त्याला सात वर्षे ठेवून घेतलेल्या आणि शेवटी स्वतःहून जाऊ देणाऱ्या बाईची बाजू घ्यावी, हेच मला मोठे वाटते. मूळ काव्यात तिला देवांची आज्ञा होते म्हणून ती सोडते. गाण्यात देव नाहीत. तिने त्याला बुडताना वाचवले, तो तिच्याजवळ राहिला, आता सकाळ झाली आहे आणि ती त्याला जाऊ देते. त्याने परत यावे असे ती म्हणत नाही. कोणाविषयी राग नाही. मला तर शीर्षकगीतातल्या खिडकीशी उभ्या असलेल्या बाईपेक्षा समुद्राकडे पाहणारी ही बाई अधिक खरी वाटते. चारट्रॅक यांनी जुन्या वहीविषयी विचारले आहे, त्यांना एवढेच सांगेन की लहान वयात लिहिलेले गाणे आज गाताना लाज वाटत नसेल तर ते घ्यावे. लाज वाटत असेल तर मित्रांचे ऐकावे.

संपादक मंडळ

डाउनलोडचे दुवे मागणारे दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत. हा अल्बम अधिकृत सेवांवर उपलब्ध आहे. चर्चा सुरू ठेवावी.

चारट्रॅक, म्हापसा

अबोलीताई, ही कसोटी लावून पाहिली. जुन्यांपैकी दोन गाणी टिकली, बाकीची वहीतच राहू देतो. त्यांतले एक उघड्या गळ्याने गाऊन आरंभी ठेवण्याचा विचार आहे. नक्कल म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. दुसऱ्याला ढोल नको, घुमट हवे आहे. संगणकातले तयार नमुने वापरून पाहिले, पण त्यांत घुमटबाबांनी वर्णिलेली डाव्या तळव्याची उघडझाक कुठेच सापडत नाही, प्रत्येक थाप तीच. घुमटबाब, आपण वाजवाल का?

घुमटवाला, फोंडा

आनंदाने वाजवीन. सध्या पावसाळी हवेने बकऱ्याचे कातडे सैल पडले आहे. कितीही शेकले तरी गाणे संपेपर्यंत सूर उतरतो, त्यामुळे आत्ता ध्वनिमुद्रण करण्यात अर्थ नाही. दसऱ्यानंतर ऊन पडू लागले की माइक घेऊन फोंड्याला या. एक माइक मढवलेल्या तोंडासमोर आणि एक उघड्या तोंडापाशी असे दोन लागतील. गाण्याची लय आधी कळवा आणि शक्यतो गाणे आधी नुसत्या गळ्याने गाऊन पाठवा.